जागेवरचं मशीन

१५ जून, रविवार

आरोग्यसेविकेच्या नोकरीत रोजची दैनंदिनी लिहावीच लागते. कोणत्या वस्तीत गेले, कोणाला डोस दिला, कोणती बाई कितव्या महिन्याची. ती साहेबांसाठी. ही माझ्यासाठी. मनाला काही लागलं तरच उघडते, म्हणून कधी कधी महिना-महिना कोरी राहते.

आज सपनाचं कॉम्प्युटर बंद पडलं. मूळ ते माझ्या मुलाचं, प्रसेनजितचं. तो पुण्याला नोकरीला लागला तेव्हा इथंच ठेवून गेला, अन् मग त्याची बहीण कॉम्प्युटरला चिकटली. पोरगी मंगरूळपीरच्या कॉलेजात बीएस्सी करते आणि संध्याकाळी हेडफोन लावून खेळते. पाच मुलींची टीम आहे. कॅप्टन नागपूरची, बाकीच्या कुठल्या कुठल्या. बंदुकांचा खेळ आहे, पण नुसतं गोळ्या मारणं नाही. कोणी कुठून यायचं, कोणी कोणाची पाठ राखायची, हे आधी ठरवून खेळतात. मागच्या वर्षी त्यांनी एक स्पर्धा जिंकली तेव्हापासून मी त्याला टाइमपास म्हणणं सोडलं.

दुसरं वर्ष पास झाली की नवीन मशीन घेऊन देईन असं मीच कबूल केलं होतं. ती पास झाली. आता प्रश्न एवढाच, गेमिंगचा डेस्कटॉप घ्यायचा की गेमिंगचा लॅपटॉप.

"लॅपटॉप," ती लगेच म्हणाली.

"काहून?"

"असंच. कुठं बी नेता येते."

"अन् तू कुठं नेतं वं?"

ती उठून पाणी प्यायला गेली. आली तर दुसराच विषय काढला. मीही पुढं काही विचारलं नाही. पण स्वयंपाक करताना तेच डोक्यात होतं. आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही, उन्हाळ्यात घराची भट्टी होते. एवढीशी वस्तू तापली, बिघडली तर? डेस्कटॉप बरा. एका जागी राहतो.

१९ जून, गुरुवार

सपनाला घेऊन वाशीमला गेले. बसस्टँडच्या मागं वीरेंद्र राठोडचं दुकान आहे. तो आमच्या शेलूबाजारजवळच्या तांड्यावरचा. मी त्या तांड्याला लसीकरणाला जाते, त्यामुळे घरच्यासारखाच. कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याचा शब्द सपनाला प्रमाण. गेल्या गेल्या तिनं तिथला एक लॅपटॉप पसंत केला.

त्यानं सरळ सांगितलं. "तेवढ्याच पैशात डेस्कटॉपची ताकद जास्त राह्यते. गरम कमी होते. उद्या एखादा पार्ट गेला तं मी तेवढाच बदलून देतो. लॅपटॉपचं समदं एकातच बसवलेलं, जास्त काई करता येत नाई. पण लॅपटॉप उचलला की निंघालं. आता सवाल एकच हाये, सिस्टर. मशीन राह्यन कुठं? घरीच राह्यचं असन तं डेस्कटॉप, सोबत न्याचं असन तं लॅपटॉप."

"घरीच," मी म्हटलं.

"सोबत," सपना म्हणाली.

दोघी एकदमच बोललो. वीरेंद्र हसला. "पयले तुमी घरी ठरवा."

परतीच्या बसमध्ये सपना खिडकीशी बसली. सोयाबीनच्या पेरणीची लगबग चालली होती, ती तिकडंच बघत होती. मी दोनदा बोलायला गेले, तिनं हं हं केलं. हल्लीच्या मुलांना स्वतःची आवड मोडली की लगेच राग येतो.

२३ जून, सोमवार

हे लिहू की नको, असं झालंय. पण इथं लिहिणार नाही तर कुठं?

आज वाशीमला मीटिंग होती. लवकर सुटली. मी एकटीच वीरेंद्रच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं, सपनाला फोन कर आणि डेस्कटॉपच घे असं सांग.

"पण तिले तं सोबत न्याचं हाये न?"

"कुठं जाचं नाई तिले. कॉलेज इथी, घर इथी."

"सिस्टर, मी दोन्हीचं खरं खरं सांगतलं. आता याच्यापरीस जास्त काय सांगू?"

"तिनं जो लॅपटॉप पाह्यला थ्याचं सांग. लय तापते म्हण. लोकाईनं वापस आणून देल्ले म्हण."

त्याचं स्क्रू काढणं थांबलं. "माह्याकडून नेलेला तं एकबी वापस नाई आला."

मी पर्स घेऊन उठले. दाराशी गेले अन् विचारलं, "अंजू कशी हाये? पोरगी चालाले लागली का?"

अंजू त्याची बायको. मागच्या वर्षी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. ॲम्ब्युलन्समध्ये मी वाशीमपर्यंत तिचं पोट दाबून बसले होते. नंतर किती दिवस माझा हात खांद्यापासून दुखत होता. वाचली. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर वीरेंद्र माझ्या पाया पडायला लागला, मीच त्याला उभा केला.

माझा प्रश्न ऐकून त्यानं काढलेला स्क्रू परत बसवला. मग खाली बघत म्हणाला, "करतो मी फोन."

मी फक्त विचारपूस केली. ती तर मी नेहमीच करते.

२५ जून, बुधवार

वीरेंद्रचा फोन आला. सपना अंगणात उभी राहून बोलत होती. मी आत अंबाडीची भाजी निवडत होते. "बरं भाऊ... असं का?... नाई नाई, तुमी सांगता तं बरोबरच असन." एवढं ऐकू आलं.

आत येऊन म्हणाली, "डेस्कटॉपच घेऊ, आई. थो लॅपटॉप खराब हाये म्हणते."

मी म्हटलं, "तुह्या मनानं घे बाप्पा. मी काई म्हणत नाई."

हे वाक्य मी का बोलले? गप्प बसले असते तरी चाललं असतं.

५ जुलै, शनिवार

मशीन आलं. वीरेंद्र स्वतः घेऊन आला, पुढच्या खोलीत टेबलावर मांडून दिलं. मोठा काळा डबा, एका बाजूनं काच, आत निळे-जांभळे दिवे. लाईट गेली तरी सगळं नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून खाली बॅटरीचा डबा. मी त्याला चहा दिला. त्यानं उभ्यानंच घेतला आणि गेला. नेहमी तासभर बसणारा माणूस.

सपनाचे बाबा आज केनवडहून आले. त्यांची शाळा तिथं, खोली करून राहतात, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. त्यांनी मशीनभोवती फिरून सगळं पाहिलं. सपना खेळायला बसली तर हे मागं उभे राहून म्हणतात, "अवं, थो मांगून येऊन राह्यला, मांगून!" ती खूप हसली. तिला हसताना पाहून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघ, काहीच बिघडलं नाही. ताकदही जास्तच मिळाली तिला.

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. संध्याकाळी विहारात गेलो, सपनाही पांढरा ड्रेस घालून आली. सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज खाली गेला. खोटं बोलणार नाही, हेच ते. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं. शेजारून सपना खणखणीत म्हणत होती.

मी तर खोटं बोललेच नाही, असं मनाला सांगून पाहिलं. बोलला वीरेंद्र. मग जास्तच वाईट वाटलं.

२ ऑगस्ट, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण दिवस बरे गेले. संध्याकाळी उपकेंद्रातून आले की पुढच्या खोलीत उजेड असतो, आवाज असतो. मी चहा करते आणि तिच्या मागच्या खुर्चीत बसते. आता मलाही थोडं कळतं. सपनाचं काम सगळ्यांच्या पुढं जाऊन वाट मोकळी करायचं. ती मरते आणि बाकीच्या आत शिरतात. मी विचारलं, "दरखेपी तूच काहून मरतं वं?" तर म्हणाली, "आई, कोणीतरी पयले जाले पाह्यजे न."

टीममध्ये सगळ्यांशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, पण घाई झाली की "अवं इकडं पाह्य न!" निघतंच. त्या पोरीही आता तसंच बोलतात म्हणे.

प्रसेनजितचा फोन आठवडाभर नव्हता. मीच केला. बिझी होता.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी सपना टीमच्या कॅप्टनशी बोलत होती. स्पीकर सुरू होता, मी मागच्या दाराशी धुणं वाळत घालत होते. कॅप्टनचा आवाज स्पष्ट येत होता. टीमची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. महिनाभर नागपूरला तिच्या घरी राहून सराव, मग हैदराबाद, मग आणखी एका ठिकाणी. लॉजच्या खोल्यांमधून खेळायचं. प्रत्येकीनं आपापला लॅपटॉप आणायचा.

"तुझा घेऊन झाला ना? जूनमध्ये म्हणाली होतीस."

सपना म्हणाली, "नाही. डेस्कटॉप घेतला."

कॅप्टन म्हणाली, "अगं, तुला तर माहीत होतं."

तुला तर माहीत होतं. म्हणजे जूनमध्ये, मी "कुठं नेतं वं" विचारलं आणि ती पाणी प्यायला उठली, तेव्हा तिला हे माहीत होतं. निवड होईल की नाही ते नक्की नव्हतं, म्हणून बोलली नसेल. किंवा मला विचारायला भीत असेल. मी तिचं हं हं ऐकून राग समजले.

ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. आत जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सपना कॅप्टनला म्हणाली की मी घरून खेळून दाखवते. आज प्रयत्न केला. आमच्याकडचं इंटरनेट मध्येच अडकतं. बाकी चौघी नागपूरला एका खोलीत आणि हिचा आवाज मागून पोचतो. तीनदा हिच्यामुळे हरल्या. तिसऱ्या वेळेस कॅप्टननं सराव थांबवला.

२४ ऑगस्ट, रविवार

सपनाच्या जागी दुसरी मुलगी घेतली. कॅप्टननं फोन करून सांगितलं, चांगली वागली, रडली पण. सपना रडली नाही. फोन ठेवून तिनं कीबोर्डची बटणं एक एक काढली, ब्रशनं साफ केली, परत बसवली.

मी म्हटलं, "दुसरा लॅपटॉप पाहू का आपण? मी कर्जाचा अर्ज करतो, काईतरी..."

"कायले? सीट गेली आता." मग म्हणाली, "अन् माहीत हाये का तुले, त्या नव्या पोरीचा लॅपटॉप थोच हाये. वीरेंद्रभाऊनं खराब म्हणलं थोच. दोन वर्षं झाले तिले वापरून. काई झालं नाई त्याले. भाऊ खोटं बोलला माह्यासंग. डेस्कटॉप खपवाचा असन त्याले."

आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणाले, "जेवून घे."

संध्याकाळी तिनं नेटवर वीरेंद्रच्या दुकानाबद्दल लिहिलं. मला वाचून दाखवलं. ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला, त्यानं खोटं सांगून आपल्याला पाहिजे तो माल विकला, कोणी जाऊ नका. कॉलेजच्या ग्रुपवरही टाकलं. "बरोबर लेहलं न, आई?"

मी म्हटलं, "जाऊ दे न, कायले लेहतं."

"तू सगळ्याईले माफ करतं," ती म्हणाली.

३ सप्टेंबर, बुधवार

तांड्यावर लसीकरणाचा दिवस. अंजू पोरीला घेऊन आली. पोरगी गुटगुटीत झालीय, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र सोडायला तयार नव्हती. सुई टोचली तरी रडली नाही. मी तिचं कौतुक केलं, तर अंजूचेच डोळे भरून आले.

"काय झालं वं?"

"एका कॉलेजचे कॉम्प्युटर याईच्याकडून घेणार होते, सिस्टर. सगळं ठरलं होतं. अन् आता नाई म्हणून राह्यले. कोणीतरी नेटवर लेहलं म्हणे." तिला माहीत होतं कोणी लिहिलं ते. माझ्यापुढं नाव घेतलं नाही. "मी इचारलं याईले, तुमी खरंच खोटं बोलले का? तं म्हणाले, हो. काहून बोलले, हे सांगतच नाई. सिस्टर, गिऱ्हाइकाले खोटं बोलणारा माणूस नाई हो तो."

त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. माझं नाव घरातसुद्धा राखलं.

पुढचं बाळ आलं. मी त्याला डोस दिला, कार्डावर लिहिलं. हात नीट चालत होता. नोकरीनं हात शिकवलाय, तोंड नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

यांना सांगितलं. जेवून बाजेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. शिक्षक माणूस, मला वाटलं आता ओरडतील. फक्त एवढंच म्हणाले, "मलेबी ती जाऊ नये असंच वाटत होतं. पण मी तिले तोंडावर म्हणलो असतो. मग ती भांडली असती, अन् गेली असती."

"मंग मी काय करू?"

"मले कायले इचारतं? तुले माहीत नाई का?"

माहीत होतं.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी सांगितलं. सपना पोहे खात होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "सपना, थ्या वीरेंद्रचा काई दोष नाई. मीच सांगतलं होतं त्याले."

"काय सांगतलं होतं?"

"लॅपटॉप तापते म्हण, वापस येते म्हण. डेस्कटॉपच घ्याले लाव तिले."

तिनं चमचा ताटलीत ठेवला. "काहून?"

मी पाठ करून ठेवलेलं सगळं सांगायला लागले. लाईट जाते, रिपेअरिंग, ताकद जास्त. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई. काहून?"

"तू गेली असती."

बाहेर भाजीवाला ओरडत होता.

"दादा गेला तवा तं तू गल्लीभर पेढे वाटले."

एवढंच. उठली, ताटली धुतली, खोलीत गेली.

पेढे वाटले हे खरं. त्याच दिवशी संध्याकाळी, रविवार असून, मी उपकेंद्राचं कुलूप उघडून आत बसले होते आणि तिथं रडले. घरात कोणाला माहीत नाही. मी उठून तिच्या दारापर्यंत गेले, हे सांगावं म्हणून. पण सांगून काय? मुलगा गेला तेव्हा लपून रडले आणि त्याला जाऊ दिलं. मुलीच्या वेळेस रडायची पाळी नको म्हणून तिची वाटच बंद केली. हे ऐकून तिला कोणता दिलासा मिळणार होता? दारावरून परत आले.

९ सप्टेंबर, मंगळवार

बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते. मशीनवर कापड टाकून ठेवलंय.

सपनानं नेटवरचं काढून टाकलं, असं यांनी केनवडहून फोनवर सांगितलं. त्यांना ती फोन करते.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सपना तयार होऊन उभी. "मी वाशीमले जातो वीरेंद्रभाऊकडं. तूबी चाल. मी एकली माफी मांगणार नाई."

मी सुट्टी टाकली. बसमध्ये ती माझ्याच शेजारी बसली, पण पिशवी मध्ये ठेवून.

दुकानात एक मास्तर आपला प्रिंटर घेऊन बसले होते. मी सपनाला हळूच म्हटलं, ते जाऊ दे, मग बोलू.

"थांबाचं कायले? मी तं सगळ्याईले दिसन असंच लेहलं होतं."

तिनं हात जोडले, चुकलं म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. मी त्या मास्तरांसमोर सगळं सांगितलं. की खोटं यानं नाही, मी बोलले, याच्या तोंडून बोलले. एवढी वर्षं नोकरी केली, साहेबांचं ऐकून घेतलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण एवढं जड कधी गेलं नाही. मास्तर प्रिंटरची वायर गुंडाळत राहिले.

वीरेंद्रनं खुर्ची पुढं केली. "बसा, सिस्टर. जाऊ द्या. दुकान हाये, चालतच राह्यते."

मी बसले. तो माझ्याकडं न पाहता बोलला. "मले बाकी काई नाई वाटलं. तुमी तवा अंजूचं नाव घेतलं, तेवढं नव्हतं घ्याले पाह्यजे."

"मी फक्त विचारपूस केली होती," मी म्हटलं.

"हो, सिस्टर," तो म्हणाला.

सपनाला हे माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी जमिनीवरच्या वायरींकडं बघू लागले. जूनपासून मी तेच वाक्य स्वतःला सांगत आले होते. त्यानं फक्त "हो" म्हटलं आणि ते वाक्य संपलं.

तो मशीन परत घेऊन लॅपटॉप द्यायला तयार होता, स्वतःचं नुकसान सोसून. सपना म्हणाली, "नाई, भाऊ. आता लय झालं तुमचं." मग तिनं त्याच्याच दुकानातून, त्याला वाचून दाखवून, नेटवर नवीन लिहिलं. घरच्या माणसाच्या सांगण्यावरून माझी चुकीची समजूत झाली होती, असं. माझं नाव लिहिलं नाही. मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, "तुह्यासाठी नाई गाळलं तुह्यं नाव. लोकं मलेच इचारतीन."

गेलेली ऑर्डर काही परत येणार नाही, असं वीरेंद्रनं सपनाला सांगितलं. दुसरं कॉलेज पाहतो म्हणाला.

२८ सप्टेंबर, रविवार

टीम हैदराबादला पहिल्याच फेरीत हरून परत आली. मला वाटलं सपनाला बरं वाटेल. तिनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. "मी असतो तं डाव्या बाजूनं गेलो असतो," एवढंच म्हणत राहिली.

आज जेवताना यांच्यासमोर सांगितलं की ती नागपूरला जाणार. कॅप्टननं विचारलंय. जागा रिकामी नाही, कबूल काहीच केलेलं नाही. ये, इथं राहून सराव कर, पुढच्या मोसमाला पाहू. आता प्रवास नाही, एकाच खोलीत बसायचं, तर डेस्कटॉप चालतो. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला येऊन जाऊन राहील.

हे म्हणाले, "अभ्यास सोडशीन तं मी येऊन कान धरीन."

ती माझ्याकडं वळली. विचारत नव्हती. मी काय करते ते बघत होती.

मी म्हटलं, "थंडीचे कपडे घेजो. नागपूरले थंडी जास्त राह्यते."

याच्या पलीकडं काही बोलायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. पण कदाचित तिला आणखी काही ऐकायचं असेल. कळत नाही. आता तिच्याबद्दल काही ठामपणे लिहायची भीती वाटते.

४ ऑक्टोबर, शनिवार

वीरेंद्र येऊन मशीन कसं न्यायचं ते शिकवून गेला. आतलं ग्राफिक कार्ड वेगळं काढायचं, नाहीतर धक्क्यानं आणि स्वतःच्या वजनानं मोडतं. कोणती वायर कुठली, प्रत्येकीला चिठ्ठी लावली. सपनानं त्याच्यासमोर एकदा सगळं खोललं आणि एकदा जोडलं. मी चहा दिला, त्यानं बसून घेतला. म्हणाला, त्याची पोरगी आता मी दिसले की टोचून घ्यायला दंड पुढं करते. मी हसले, पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून आत गेले.

मी माझी जुनी स्वेटरं काढून दिली, डब्याभोवती गुंडाळायला. सपनानं घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार

ती गेली.

दीक्षाभूमीची गर्दी ओसरल्यावर निघायचं ठरलं होतं. समृद्धीवरून जाणारी ट्रॅव्हल्स सकाळी मिळते. आम्ही तिघं सामान घेऊन रस्त्यावर उभे होतो. मी विचारलं, "मी येऊ का नागपूरपर्यंत? हे जड हाये."

"नको."

तिचे बाबा तिच्या बॅगेच्या चेन तपासत होते, सारख्या त्याच त्या. गाडी आली. स्क्रीन आणि बॅगा डिक्कीत गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, डबाही खालीच टाका. सपना म्हणाली, "नाई, मांडीवर घेतो." आम्ही दोघांनी उचलून तो दारापर्यंत दिला, तिनं आत ओढून घेतला.

ती पाया पडली. आधी त्यांच्या, मग माझ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. सांगायला मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हणाले फक्त, "पोचली की फोन कर."

"करीन."

खिडकी उघडी होती. ती डबा दोन्ही हातांनी धरून बसली, एवढा मोठा की तिची फक्त हनुवटी वर दिसत होती. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती. तिनं डब्यावर हात फिरवून विचारलं, "काय हाये वं पोरी, एवढं जपून?"

"कॉम्प्युटर हाये," सपना म्हणाली. "माह्या आईनं घेऊन देल्ला."

तेवढ्यात गाडी सुरू झाली. कोणत्या सुरात म्हणाली, ते मला इंजिनच्या आवाजात नीट कळलं नाही. यांना विचारलं. हे म्हणाले, त्यांनी ऐकलंच नाही.